गुलमर्गच्या ऑफ-पिस्टची कोल्हापुरातली तयारी

गुलमर्गमध्ये ऑफ-पिस्ट स्कीइंगसाठी गाइड ठरवायचा म्हटलं की कोल्हापुरातून पहिला फोन जातो तो दिवसाचा दर विचारायला. दर विचारावाच, पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायचा: तो गाइडच बर्फाखाली गेला तर त्याला बाहेर कोण काढणार? उतारावर सगळ्यात आधी तोच उतरतो, बर्फाच्या थरावर पहिला भार त्याचाच पडतो. म्हणजे काढणारे आपणच. गाइड वाट निवडतो, बर्फ वाचतो, 'आज नाही' म्हणतो. त्याला उकरून काढायचं काम मात्र पैसे देऊन त्याच्याकडून करून घेता येत नाही. आमच्या गटाची सगळी तयारी या एका गोष्टीभोवती बसवलेली आहे, आणि तिचा निम्म्याहून जास्त भाग कोल्हापुरातच होतो.

ऑफ-पिस्ट म्हणजे मशिननं दाबून आखलेली पट्टी सोडून मोकळ्या बर्फातून उतरणं. श्रीनगरपासून जेमतेम ५० किलोमीटरवर असलेल्या गुलमर्गला हे जमतं ते गोंडोलामुळं, म्हणजे तारेवरच्या पाळण्यामुळं. गाव सुमारे २६५० मीटरवर. १९९८ साली सुरू झालेला पहिला टप्पा कोंगडोरीला, साधारण ३०८० मीटरवर नेतो. २००५ साली सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, ३९५० मीटरच्या आसपास सोडतो. गोंडोलाच्या तारेखालची मोठी वाटी, म्हणजे खोलगट उतार, स्की पेट्रोल हे सुरक्षा पथक सांभाळतं. जोराचा बर्फ पडून गेला की स्फोटकं वापरून तिथले सैल थर आधीच पाडले जातात आणि मगच दुसरा टप्पा उघडतो. त्या वाटीच्या बाहेर पाऊल टाकलं की पुढचा उतार कोणीही तपासलेला नसतो. लिफ्ट आहे, हॉटेलं आहेत, चहाच्या टपऱ्या आहेत, म्हणजे डोंगरही राखलेला असणार, ही समजूत तिथंच सोडून द्यायची.

कोणी जावं, याचं माप सोपं आहे. कोंगडोरीच्या दाबलेल्या उतारावर दोन्ही स्की समांतर ठेवून, वेग आपल्या ताब्यात ठेवून, सांगितलेल्या जागी थांबता आलं पाहिजे. स्नोबोर्डवाल्याला टाचेच्या आणि पंज्याच्या, दोन्ही कडांवर सलग वळणं घेता आली पाहिजेत. हे येत नसेल तर आधी गुलमर्गमधल्या भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेचा अभ्यासक्रम करावा, मग मेरीज शोल्डरच्या चेअरलिफ्टवर चांगला सराव करावा, मग गोंडोलाखालची वाटी, आणि त्यानंतर बाहेर. पायऱ्या गाळल्या की गाइडचा दिवस तुम्हाला उठवण्यात जातो, आणि उघड्या उतारावर गट जितका जास्त वेळ थांबतो तितका धोका वाढतो.

पायांची तयारी सप्टेंबरपासून. दसऱ्याच्या आत सुरुवात झाली नाही तर जानेवारीपर्यंत मांड्या तयार होत नाहीत. पन्हाळा आणि ज्योतिबाच्या वाटा चढून दमसास वाढतो, पण स्कीइंगला खरं कामाला येतं ते उतरणं, कारण उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असताना भार धरून ठेवतो. म्हणून पाठीवर आठ-दहा किलो घेऊन उतरायचं, गुडघा थोडा वाकलेला ठेवून, धाडकन पाय न टाकता. घरी बैठका. तालमीतल्या भराभर बैठका दमाला उत्तम, मात्र इथं खाली जाताना चार मोजायचे, तळाला दोन मोजायचे आणि मग उठायचं. भिंतीला पाठ टेकवून खुर्चीसारखं बसणं दोन मिनिटांपर्यंत न्यायचं. ज्याचे पाय दुपारी संपतात तो शेवटच्या उतारात मागं रेलतो, आणि मागं रेललेल्या माणसाचा गुडघा फिरला की आतला अस्थिबंध तुटतो.

बूट हा वेगळा विषय, आणि आपल्याकडच्या पायांसाठी जास्तच महत्त्वाचा. ज्यांचा जन्म कोल्हापुरी चपलेत गेला त्यांचा पंजा रुंद झालेला असतो. भाड्यानं मिळणारा बूट अरुंद असला की माणूस दुखू नये म्हणून एक नंबर मोठा घेतो. मग टाच आत वर-खाली होते, पायाचा हुकूम स्कीपर्यंत पोचत नाही आणि नडगी सोलली जाते. माप असं घ्यायचं: आतलं अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घालायचा, बोटं पुढं टेकवायची, टाचेमागं एक ते दोन बोटं बसली पाहिजेत. स्की बुटाचा नंबर म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी, त्यामुळं निघण्याआधी घरीच भिंतीला टाच लावून मोजता येतं. पंजा रुंद असेल तर १०२ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद साचा मागायचा. मोजा एकच, पातळ, लोकरीचा. दोन मोजे घातले की रक्त अडतं आणि पाय जास्त गार पडतो. स्की भाड्यानं घ्या, पण परत परत जाणार असाल तर पहिला खर्च बुटावर करा.

आता मुख्य भाग. प्रत्येकाकडे तीन वस्तू हव्यातच: बीकन, प्रोब आणि फावडं. बीकन अंगावर बांधायचं यंत्र आहे, ते ४५७ किलोहर्ट्झवर सतत संकेत पाठवतं आणि शोध घेताना तेच संकेत पकडतं. तीन अँटेनांचंच घ्यावं. प्रोब म्हणजे जोडून लांब होणारी काठी, किमान २४० सेंटिमीटरची. फावड्याचं पातं धातूचंच, कारण थांबलेल्या हिमस्खलनाचा बर्फ घट्ट बसतो आणि प्लॅस्टिकचं पातं त्यात मोडतं. तिन्हींपैकी एक वस्तू नसली तर बाकीच्या दोन निरुपयोगी. पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला दहा मिनिटांत बाहेर काढलं तर दहापैकी साधारण नऊ जण वाचतात. अर्ध्या तासानंतर ते प्रमाण तिनापर्यंत उतरतं. बाहेरून मदत एवढ्या वेळात पोचत नाही.

हा सराव करायला बर्फ लागत नाही. ऊसतोड होऊन गेलेला फड यासाठी फार चांगला. एक बीकन चालू करून पोत्यात घालायचं, पोतं पाचटानं गच्च भरायचं आणि फडातल्या पाचटाखाली कुठंतरी पुरायचं. शोधणाऱ्यानं तिकडं पाठ करून उभं राहायचं. घड्याळ लावायचं.

पहिला टप्पा संकेत मिळेपर्यंतचा. एकटा शोधणारा असेल तर नागमोडी जायचं, बरेच जण असतील तर एकमेकांत ४० मीटरपर्यंत अंतर ठेवून सरळ. संकेत मिळाला की पडद्यावर बाण आणि आकडा येतो. इथं नवखा माणूस हमखास गोंधळतो, कारण बाण सरळ नेत नाही, वळसा घालून नेतो. यंत्र बिघडलेलं नसतं. संकेताच्या चुंबकीय रेषाच वक्र असतात आणि बाण त्या रेषेवरून नेतो. आकडा कमी होतोय ना, एवढंच बघायचं. आकडा वाढायला लागला तर आपण उलट दिशेनं निघालोय, मागं फिरायचं. दहाच्या खाली आकडा आला की चाल हळू. तीनच्या आत आला की गुडघ्यावर बसून यंत्र जमिनीला टेकवायचं, आणि ते न फिरवता आधी पुढं-मागं, मग डावी-उजवीकडं सरकवून सगळ्यात लहान आकड्याची जागा धरायची. घाईनं यंत्र हलवलं की आकडा मागं राहतो आणि जागा चुकते.

मग प्रोब. उताराला काटकोनात खुपसायची, सरळ खाली नव्हे. पहिला वार मधे, मग त्याभोवती २५-२५ सेंटिमीटरवर चक्राकार. पाचटाचं पोतं लागलं की काठी किंचित दबून परत येते. दगडाला लागली की खट्ट थांबते, ढेकळात शिरली की रुतते. हा फरक हाताला आधीच माहीत असला पाहिजे, आणि फडात तो एका सकाळी समजतो. लागली की प्रोब काढायची नाही, तशीच उभी ठेवायची.

खणणं लोकांना क्षुल्लक वाटतं. सगळ्यात जास्त वेळ तिथंच जातो. एक मीटर खोल गेलेल्या माणसापर्यंत पोचायला टनभर तरी बर्फ हलवावा लागतो. प्रोबच्या डोक्यावर उभं राहून खाली खड्डा करायचा नाही, त्यानं आत अडकलेल्यावर वजन पडतं आणि श्वासासाठी राहिलेली पोकळी मोडते. उताराच्या खालच्या बाजूला, जेवढी खोली असेल तेवढं किंवा दीडपट मागं सरून तिथून आडवं आत शिरायचं. पुढं एक जण तोडतो, मागचे दोघं-तिघं माल मागं ढकलतात, मिनिटा-मिनिटाला पुढचा बदलतो. हे आम्ही ओल्या मुरुमाच्या ढिगावर करतो. पुढचा माणूस दमला तरी जागा सोडत नाही, ही आपल्याकडची खास अडचण, म्हणून घड्याळ धरणारा माणूस आवाज देतो आणि बदल सक्तीचा असतो. चेहरा आधी मोकळा करायचा, तोंडातला बर्फ काढायचा, मग छाती.

फडात एक धडा फुकट मिळतो. विहिरीवरच्या मोटारीजवळ किंवा विजेच्या तारांखाली बीकनचे आकडे उड्या मारतात. खिशातला मोबाइलही तेच करतो. म्हणून बीकन संकेत पाठवत असताना मोबाइल, गोप्रो, गरम होणारे हातमोजे त्यापासून २० सेंटिमीटर लांब, आणि शोधताना ५० सेंटिमीटर लांब. सेल साधे अल्कलाइन घालावेत. रिचार्जेबल सेलची ताकद शेवटी एकदम कोसळते, त्यामुळं यंत्रानं दाखवलेला टक्का खोटा ठरतो.

प्रवासाचं थोडक्यात. कोल्हापूरहून मुंबई किंवा हैदराबादमार्गे विमानानं, नाहीतर आठवड्यातून एकदा सुटणाऱ्या निजामुद्दीन एक्स्प्रेसनं दिल्ली आणि पुढं श्रीनगर. जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारत धावते, महामार्ग बंद पडतो तेव्हा तिचा आधार वाटतो. हिवाळ्यात धुकं आणि बर्फामुळं विमानं रद्द होतात, म्हणून परतीला दोन दिवस मोकळे ठेवावेत. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं यंत्र परवानगीशिवाय भारतात बाळगता येत नाही, परदेशातल्या भावानं भेट दिलं असलं तरी घरीच ठेवा. हिमस्खलनात माणसाला वर ठेवायला सिलिंडरवर फुगणारी एअरबॅग असेल तर विमान कंपनीची आगाऊ परवानगी घ्यावी लागते, नाहीतर ती विमानतळावरच राहते. विम्याच्या कागदात 'ऑफ-पिस्ट' वगळलेलं असतं का, तेही वाचून घ्या. तंगमर्गपासून वरचा १३ किलोमीटरचा घाट ताज्या बर्फात चाकांना साखळ्या बांधलेल्या गाड्यांनीच होतो.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. तिथून उठून दुसऱ्या दिवशी ३९५० मीटरवर जायचं नाही. पहिला दिवस गुलमर्गच्या मैदानात, दुसरा कोंगडोरीपर्यंत, डोकं दुखत नसेल तर तिसऱ्या दिवशी वर.

गाइड ठरवताना आम्ही काय विचारतो? हिमस्खलनाचं आणि प्रथमोपचाराचं कोणतं प्रशिक्षण झालंय. एका गाइडमागं किती जण घेता. चार ते सहाच्या वर गेलं तर दुसरा गाइड शेवटी हवा. सकाळी निर्णय कशावर घेता. दुसरा टप्पा बंद राहिला तर काय करता. शेवटच्या प्रश्नावर 'बंद कधी नसतो' असं उत्तर आलं तर तो माणूस आम्ही सोडतो. वाऱ्यानं किंवा जोरदार बर्फानं दुसरा टप्पा बंद राहणं ही तिथली नेहमीची गोष्ट आहे. चांगला गाइड अशा दिवशी खालच्या जंगलात नेतो, बाबा रेशीकडं किंवा द्रंगच्या बाजूला, आणि तिथून गाडीनं परत आणतो.

सकाळी सगळ्यात आधी स्की पेट्रोलचं हिमस्खलनाच्या धोक्याचं पत्रक. धोक्याचे आकडे एक ते पाच. तीनला 'मधला' समजून लोक निर्धास्त होतात आणि जगभर सर्वाधिक मृत्यू याच पातळीला होतात, कारण चारला लोक घरी थांबतात. पत्रकात आकड्याखालचा मजकूर महत्त्वाचा: कोणत्या उंचीवर, कोणत्या दिशेच्या उतारावर, कोणत्या कारणानं.

कारणं समजून घेतली तर गाइडचं बोलणं कळतं. २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या चिल्लई कलानमध्ये, म्हणजे काश्मीरच्या कडाक्याच्या थंडीत, आकाश निरभ्र असलं आणि बर्फ पातळ असला की जमिनीजवळचा थर साखरेच्या दाण्यासारखा सुटा होतो, कारण जमीन उबदार आणि वरचं टोक फार थंड असतं. दर दहा सेंटिमीटरला एक अंशापेक्षा जास्त फरक पडला की हे होतं. नंतर पश्चिमी विक्षोभ येऊन त्यावर अर्धा-एक मीटर बर्फ टाकतो. खालचे सुटे दाणे, वर घट्ट लादी. माणसाच्या वजनानं दाण्यांचा थर मोडला की लादी अखंड निसटते. वारा यात भर घालतो. डोंगराच्या कण्याच्या एका बाजूचा बर्फ उचलून तो दुसऱ्या बाजूला रचतो, त्यामुळं हवामान केंद्रानं सांगितलेल्या बर्फाच्या दुप्पट-तिप्पट थर आडोशाच्या उतारावर साठू शकतो. आणि उतार ३० ते ४५ अंशांचा असला की बहुतेक हिमस्खलनं तिथंच होतात. दुर्दैवानं स्कीला सर्वांत मजा येते तेही तेच अंश. मोबाइलमध्ये कोन मोजता येतो, त्याची सवय लावून घ्या; नजरेचा अंदाज चुकतो, धुक्यात तर जास्तच.

गाइड खड्डा खणून तपासतो तेव्हा थंडी वाजते म्हणून पुढं जाऊ नका, शेजारी उभं राहून बघा. ३० बाय ३० सेंटिमीटरचा खांब मोकळा करतो, त्यावर फावड्याचं पातं ठेवतो आणि दहा थापा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून मारतो. खांब कितव्या थापेला सरकतो यापेक्षा कसा सरकतो ते बघायचं. आरशासारखा गुळगुळीत, एकदम निसटला तर तो उतार सोडायचा. चालताना पायाखाली 'वुम्फ' असा दबका आवाज आला किंवा स्कीच्या टोकापासून भेगा पळाल्या, तर खड्ड्याचीही गरज नाही. परत फिरायचं.

निघण्याआधी बीकन तपासणी. गाइड एका बाजूला उभा राहतो, एकेक जण समोरून जातो: सगळ्यांची यंत्रं संकेत पाठवतायत ना, मग सगळी पकडतायत ना. बीकन आतल्या थरावर, जॅकेटच्या बाहेर नाही.

उतरताना एका वेळी एकच माणूस. गाइड थांबतो ती जागा निवडलेली असते, कड्याच्या आडोशाला किंवा दाट झाडांपाशी, आणि तिथंच जमायचं, त्याच्या खाली वीस मीटरही नाही. 'माझ्या रेषेच्या उजवीकडं राहा' म्हणाला तर डावीकडचा न तुडवलेला बर्फ कितीही बोलवत असला तरी उजवीकडंच. कण्याच्या पलीकडं नियंत्रण रेषा आणि लष्कराच्या चौक्या आहेत, तिकडं वळायचा प्रश्नच नाही.

१ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या हापतखुड भागात हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर गेले. २२ फेब्रुवारी २०२४ ला खिलनमर्गच्या बाजूला रशियाचा एक जण गेला. ८ फेब्रुवारी २०१० ला खिलनमर्गलाच प्रशिक्षण घेणारे लष्कराचे १७ जवान गेले. यात अनुभवी लोक होते, हे लक्षात ठेवून ऐकावं.

मऊ बर्फात तंत्र बदलतं. दाबलेल्या उतारावर बाहेरच्या पायावर भार असतो, इथं दोन्ही पायांवर जवळजवळ सारखा, नाहीतर जास्त भार पडलेली स्की बुडते. मागं रेलायचं नाही, घोट्यातून वाकून मधे उभं राहायचं आणि थोडा वेग ठेवायचा, कारण वेगाशिवाय स्की वर तरंगत नाही. पायाखाली ९५ ते ११५ मिलिमीटर रुंदीची स्की मागा. स्की सुटली तर पडलेल्या जागेच्या खाली नव्हे, वरच्या अंगाला शोधा. ती बहुधा तिथंच बर्फात घुसलेली असते. काठ्यांचे पट्टे मनगटात अडकवायचे नाहीत, हिमस्खलनात आणि झाडांत ते हात ओढतात.

स्नोबोर्डवाल्यांनी बाइंडिंग, म्हणजे बूट धरून ठेवणारी पकड, थोडी मागं सरकवून घ्यावी, म्हणजे बोर्डचं नाक वर राहतं. त्यांची खरी अडचण सपाट भागात. जंगलातून गावाकडं येणाऱ्या वाटा कुठंकुठं सपाट होतात आणि कमरेएवढ्या बर्फात बोर्ड काढून चालणं म्हणजे अर्धा तास गेला. गाइडला आधीच सांगा की गटात बोर्डवाले आहेत, तो वेग राखता येईल अशी रेषा धरतो.

जंगलात फरच्या बुंध्याभोवती फांद्यांखाली पोकळ खड्डा असतो. डोकं खाली करून त्यात पडलेला माणूस स्वतःहून निघत नाही. म्हणून झाडांत जोडीनं, एकमेकांना दिसत राहून. खायला खिशात राजगिऱ्याचे लाडू किंवा खजूर. चिक्की थंडीत दगड होते.

संध्याकाळी बुटातलं अस्तर काढून खोलीत वाळवायचं, बुखारीला (खोली गरम करणाऱ्या शेगडीला) चिकटवून नाही, ते वितळून आकार सोडतं. बीकन बंद करायचं.

घरी आल्यावरचं काम कोणी सांगत नाही. कोल्हापूरचा पावसाळा स्कीला बर्फापेक्षा जास्त खातो. कडा कापडानं कोरड्या पुसून घ्यायच्या, गंज आला असेल तर रबरानं घासायचा, आणि तळाला व कडांना जाड मेणाचा थर देऊन तो न खरवडता तसाच ठेवायचा. बाइंडिंगची ताणाची स्प्रिंग सैल करून किती होती ते कागदावर लिहून चिकटवायचं. बुटाची बकलं सैल लावायची, आत वर्तमानपत्र कोंबायचं, नाहीतर अस्तराला बुरशी येते. बीकनमधले सेल काढून टाकायचे. आत फुटले तर पुढच्या सप्टेंबरात नवं यंत्र घ्यावं लागतं.